पान ८७ ते ९०

मी एक जुने पुस्तक आहे, आणि मित्रांनो, माझ्या मधोमध भोक आहे. पान ८६ नंतर एकदम ९१ येते. वाचणारा अडखळतो. थोडे थांबा, सांगतो.

पान १. पुण्याच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. नाव ठेवले : ‘ब्रिटन व आयर्लंडमधील निवडणुका’. काही वर्षे धुळ्याच्या वाचनालयात मी उभा होतो. तिथल्या पक्षांतले व्हिग कोण, टोरी कोण, हे विचारायला तिथे फारसे कुणी आले नाही. मग रद्दी. मग सुरत.

पान ४०. सुरतेच्या बमरोली भागात कापडाचा लूम चालवणाऱ्या हिलालने मला रद्दीतून उचलले. तो चाळीच्या ओट्यावर मोठ्याने वाचत असे. शेजारची सुंदरा भाकरी थापता थापता ऐके.

पान ८६. इथे लिहिले आहे, की पूर्वी त्या देशात मत सर्वांसमक्ष बोलून द्यावे लागे. आयर्लंडमध्ये जमीनदाराविरुद्ध मत देणाऱ्या कुळांना घराबाहेर काढल्याचेही प्रसंग घडले.

सुंदराचा हात परातीत थांबला. “आपल्या सुकलालसारखंच की रे!”

चाळीत चाळीस खोल्या होत्या. पाण्याच्या मोटरची किल्ली कुणाकडे असावी, हे दरवर्षी हात वर करून ठरे, खोल्या भाड्याने देणाऱ्या मुकादमासमोर, आणि किल्ली त्याच्याकडेच राही. गेल्या वर्षी सुकलालने त्याच्याविरुद्ध हात वर केला. चार दिवसांत सुकलालची खोली रिकामी झाली.

“पुढे काय झालं?” सुंदराने विचारले.

हिलालने पान उलटले. १८७२ साली कायदा झाला : मत गुप्त.

“मग यंदा मी उभी राहते,” सुंदरा म्हणाली.

माझी शेवटची कोरी पाने फाडून चिठ्ठ्या केल्या. सुंदराला गोल, मुकादमाला रेघ. साडीचा आडपडदा, आत शाई आणि काडी. बिस्किटाच्या डब्याचे झाकण सुंदराने कणकेने लिंपले.

सर्वांसमक्ष डबा उघडला. पहिल्याच चिठ्ठीवर गोल, आणि शेजारी निळा अंगठा. दुसरीवर सही.

“हे काय केलंत?” हिलाल ओरडला.

“अंगठा नही लावा, ते हाई मत मनं से हाई कसं समजी?” म्हाताऱ्या सरलाबाई आपल्या अहिराणीत म्हणाल्या. कारखान्यात हजेरीला रोज अंगठा देणारी माणसे ती; अंगठ्याशिवाय मत आपले कसे ठरणार?

मुकादम हसला. “मोजा, मोजा. चिठ्ठ्या मग माझ्याकडे द्या.”

सुंदराने डबा उचलला आणि सरळ चुलीत रिकामा केला.

“अगं, तुझीच मतं जळाली ती!” हिलाल म्हणाला.

“जळू दे. माणसं तर राहतील ना खोल्यांत.”

पुन्हा मतदान ठरले. कोरा कागद उरला नव्हता. हिलालने मला उघडले, क्षणभर पाहिले, आणि गुप्त मताचीच ती पाने फाडली.

पान ९१. या वेळी एकाही चिठ्ठीवर अंगठा वा सही नव्हती. सुंदरा हरली. एकवीस विरुद्ध एकोणीस.

दुसऱ्या दिवशी मुकादम किल्ली घेऊन मोटरपाशी बराच वेळ उभा होता. ती एकोणीस घरे कोणती, हे त्याला कळेना. कुणाचे पाणी तोडणार? शेवटी त्याने चाळीसही खोल्यांना पाणी सोडले.

मित्रांनो, मला टाके घालू नका, पुठ्ठा घालू नका. मोठे व्हाल तेव्हा तुमच्याही हातात एक चिठ्ठी येईल. तिची घडी तेवढी नीट घाला. माझी चार पाने तिच्यात आहेत.