वर्षश्राद्धाचे पुस्तक

सकाळी कालिंदीने दार उघडले, तेव्हा उंबऱ्याबाहेर आणखी चार पुस्तके पडली होती. कुणी कडी वाजवली नव्हती की हाक मारली नव्हती. तिने ती पदराने पुसली आणि शिवणयंत्राशेजारच्या ढिगावर ठेवली.

हीच पुस्तके तिने पंधरवड्यापूर्वी शिवाजी पेठेतल्या या गल्लीत घरोघर वाटली होती. वर्षश्राद्धाला गेलेल्याच्या नावाने पुस्तक वाटायची रीतच आहे. कुणी अभंग वाटते, कुणी स्तोत्रे. कालिंदीला वाटले, दादा जन्मभर कविता करत होता, तर त्याच्याच छापू. तिने स्वतः त्या वाचल्या नव्हत्या. साड्यांना फॉल लावून लावून डोळ्यांची वाट लागलेली, त्यात कवितेचे तिला वावडे. आणि वर्षश्राद्धाचे पुस्तक वाचतो कोण? देव्हाऱ्याशेजारी ठेवतात, दिवाळीला धूळ झटकतात, झाले.

हे पुस्तक मात्र गल्लीने वाचले. का नाही वाचणार? तिचा दादा, गुरुप्रसाद, शेवटची अकरा वर्षे माडीवरून खाली उतरला नव्हता. खिडकीत बसला तो बसलाच. खिडकीतून दिसायची ती गल्ली, मग कवितेत दुसरे येणार काय! पहिले दोन दिवस नुसते कौतुक. शेजारचे बाळासो तर पुस्तक नाचवतच आले.

"आक्का, माझ्या ढेरीवर कविता केलीया की दादानं! 'तालमीची आठवण शर्टात मावत न्हाय' म्हणं. आता बायकू रोज म्हणून दाखवायलीया!"

तिसऱ्या दिवशी हसणे थांबले. कुणीतरी पुस्तकाच्या मध्यावर पोचले होते.

गच्चीवर दोघं होती.
जिन्यानं एकच उतरलं.
ओली साडी दोरीवर
नंतर तीन दिवस वाळत राहिली.

कवितेत नाव नव्हते. गल्लीला नावाची गरजही नव्हती. समोरच्या तिमजली घरातली वर्षाराणी, राजवर्धनची बायको, बारा वर्षांपूर्वी कपडे वाळत घालताना गच्चीवरून पडली. एकटीच होती, पाय घसरला, असे राजवर्धनने सांगितले आणि साऱ्या गल्लीने माना डोलावल्या. आता तो पेठेतले बडे प्रस्थ होता. दुसरी बायकोही आली होती.

त्या ओळी कालिंदीने पुन्हा पुन्हा वाचल्या. दादाचे गुडघे दुखतात म्हणून तो उतरत नाही, असे ती इतकी वर्षे सगळ्यांना सांगत आली होती. दादा माडीवर बसला तो वर्षाराणी पडली तेव्हापासून; गुडघ्यांना काही झालेच नव्हते.

मग राजवर्धन स्वतः आला. खुर्चीत बसला, पाणी मागून प्यायला. आवाज अगदी मऊ.

"आक्का, दादा डोक्यानं आजारी हुता. व्हय की न्हाय?"

कालिंदीने रिकामा पेला उचलला.

"तसं सांगत जावा कुणी इचारलं तर. पुस्तकं परत यायला लागतील तुमच्याकडं, मी सांगितलंय सगळ्यास्नी. समदी आली की बंबात घाला. माझ्या गच्चीवरनं धूर दिसला पायजे मला." जाताना त्याने शिवणयंत्रावर हात फिरवला. "एकट्या ऱ्हातासा. जपून ऱ्हावा."

त्या दिवसापासून पुस्तके परत येऊ लागली. बाळासो तेवढे हातात द्यायला आले, पण नजर वर करेनात. "आक्का, आमाला पोरंबाळं हाईत," म्हणाले आणि गेले.

आजच्या चार पुस्तकांनी ढीग पुरा झाला. परसात पाणी तापवायच्या बंबापुढे ती काडेपेटी घेऊन बसली. एक पुस्तक उचलले, तर एका पानाचा कोपरा दुमडलेला. दुसरे उघडले, त्यातही तेच पान दुमडलेले. बाळासोंच्या पुस्तकात ढेरीचे पान जरासे चुरगळलेले होते, आणि हे गच्चीचे पान बोटांनी मळलेले.

तेवढ्यात पुढच्या दारात हाक आली. "कालिंदीबाईंचं घर हेच न्हवं?"

दारात एक म्हातारी उभी होती. हातात पिशवी, पायांवर एसटीच्या प्रवासाची धूळ.

"मी झुंबरबाई. मलकापूरची. वर्षाराणीची आई." ती आत यायला तयार होईना. "कुणीतरी मोबाईलवर पानाचा फोटू धाडलाय. शेजारच्या पोरीनं वाचून दाखिवला. खरं हाय का ते? तेवढंच सांगा, मी जाते."

दादा डोक्याने आजारी होता. एवढे म्हटले की संपले. वाक्य तयार होते, जिभेवर होते. कालिंदीच्या हातात काडेपेटी तशीच होती. तिला भीती वाटत होती, आणि त्या भीतीची लाजही.

"दादा शाबूत हुता," ती म्हणाली. "खोटं लिवायला त्याला येत न्हवतं."

झुंबरबाई रडली नाही. दाराची चौकट धरून तिने एवढेच विचारले, "मग वरडला का न्हाई वं त्यो?"

कालिंदी तिला हाताला धरून माडीवर घेऊन गेली आणि दादाची खिडकी उघडली.

समोर गच्चीवर स्वप्नाली, राजवर्धनची दुसरी बायको, कपडे वाळत घालत होती. तिथला कठडा गुडघ्याएवढाच. जिन्यातून राजवर्धन वर आला. आधी त्याने कालिंदीच्या परसाकडे पाहिले. धूर नव्हता. मग खिडकीकडे पाहिले. तिथे कालिंदी होती आणि शेजारी झुंबरबाई. त्याने सासूला ओळखले. तो चालत कठड्यापाशी, स्वप्नालीच्या मागे येऊन उभा राहिला.

स्वप्नालीच्या हातात ओली साडी होती.

"स्वप्नाली!" कालिंदी ओरडली. "अगं, खाली ये! तुझ्या साडीचा फॉल लावून झालाय, घिऊन जा!"

स्वप्नालीची एकही साडी तिच्याकडे नव्हती. स्वप्नालीलाही ते ठाऊक होते. तिने मागे नवऱ्याकडे पाहिले.

"ये की गं! आत्ता ये!"

गल्लीत एक खिडकी उघडली. मग बाळासोंची. मग आणखी. सगळ्यांचे डोळे गच्चीवर होते. स्वप्नालीने साडी तशीच चुरगळून दोरीवर टाकली आणि ती जिन्यात दिसेनाशी झाली.

समोरच्या घराचे खालचे दार अजून उघडले नव्हते. कालिंदी हाका मारतच राहिली.