महादेवाने न भाजलेलं हृदय

मी मातीचं हृदय बोलतोय. मोपाच्या एका शाळेत विज्ञानाच्या कपाटावर वीस वर्षं बसून होतो.

माझा जन्म डिचोलीतल्या गणपतीच्या चित्रशाळेत झाला. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या चंद्रावतीबाईंनी पुस्तकातलं चित्र दाखवून मूर्तिकार महादेवाकडून मला घडवून घेतलं. त्यानं चार पोकळ्या कोरल्या, डावीकडच्या खालच्या पोकळीची भिंत जाड ठेवली, सगळं अगदी चित्राबरहुकूम. फक्त भाजायचं राहिलं. बाई सांगायला विसरल्या, आणि त्याच्या हातून घडलेलं सगळं पाण्यातच जायचं. तो कशाला भाजतोय!

बाईंना त्याचं काही नव्हतं. वरच्या पोकळीत बोट घालून त्या सांगायच्या, "हे अलिंद. अलिंद म्हणजे घरापुढची ओसरी, आपला बलकांव. रक्त आधी इथं टेकतं." मग बोट खाली सरकायचं. "आणि हे निलय. निलय म्हणजे घर. ओसरीवरून आत घरात." बोटाला खडू लागलेला असायचा. माझ्या डाव्या निलयात तो अजून आहे. मी जपलाय.

बाई निवृत्त होऊन मांद्र्याला गेल्या आणि माझ्यात बोट घालणारं कोणी उरलं नाही. आता पडद्यावरचं हृदय धडधडून दाखवतं, तिथं माझी काय मातब्बरी? दमटपणानं मी भुसभुशीत झालो. डोक्यावरून विमान गेलं की टवका पडतो. त्याचं दुःख नाही. बाईंची आठवण मात्र फार यायची. एकदाच याव्यात, एवढंच वाटायचं.

काल अक्षयसरांनी मला उचललं, तर तळाचा तुकडा हातात आला. कचऱ्यात टाकणं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी बाईंना फोन लावला.

"महादेवाच्या हातचां ना तां? मग व्हाळात सोड," बाई म्हणाल्या. "माका येवंक जमाचां नाय, पाय उचलनत नाय. पण सोडच्या आधी पोरांकडसून एकदा म्हणून घे."

किती वर्षांनी तो आवाज ऐकला. पण येणार नाहीत, हेही त्याच आवाजात कळलं.

आता आम्ही व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावर आहोत. सातवीतल्या तनयानं वरच्या पोकळीत बोट घातलं. "अलिंद. ओसरी." मग खाली, डाव्या निलयात. "निलय. घर."

तिनं बोट बाहेर काढलं तेव्हा टोकाला पांढरं लागलं होतं.

सर मला पाण्यात ठेवताहेत. मी निघतो. तनया, दुपारी सर तुम्हा सगळ्यांना बाईंकडे मांद्र्याला नेणार आहेत ना? तोवर ते बोट धुऊ नकोस, बाय.