रेंज नसतानाचा कौल

"फोन वर करा! विमान मोड लावा! रेंजची एक कांडी दिसता कामा नये!"

सुजयनाथ महाराजांनी माइकवरून फर्मावलं आणि जेटीमागच्या मंडपात अडीचशे-तीनशे फोन वर झाले.

"लागतोय कुणाला फोन? बायकोला लावून बघा! नाही ना लागत? घ्या, तेवढीच शांती!" मंडपात हशा पिकला. "पण आईला लागतो, बाबांनो! कंपनीच्या टॉवरला हद्द आहे, आईच्या टॉवरला हद्द नाही. कंपनीचा क्लाउड भाड्याचा, आईचा क्लाउड हा असा, डोक्यावर! दाबा आता!"

लोकांनी महाराजांच्या पानावरचं 'कौल'चं बटण दाबलं. फोनाफोनांतून शंख वाजला. पडद्यावरच्या देवीच्या काळ्या पाषाणाला चिकटलेली चाफ्याची दोन फुलं थरथरली आणि त्यातलं उजवं खाली पडलं. देवळात गुरव कौल लावतो तसंच. उजवं पडलं की होकार, डावं पडलं की नकार. पण इथे सगळ्यांचंच उजवं! एका फोनाला दुसऱ्याची खबर नाही, रेंज कुणालाच नाही, तरी कौल एकच. बायांनी हात जोडले. मासळीबाजारात जिला सुरमईच्या भावात आजवर कुणी फसवू शकलं नाही ती मथुरामावशीसुद्धा डोळे पुसत म्हणाली, "याला म्हणतात जागृत!"

मागच्या खांबाला टेकून रुचिरा उभी होती, आणि तिचा नुसता जळफळाट चालला होता.

ही आग सत्याच्या चाडीची होती असं सांगितलं असतं तर ऐकायला बरं वाटलं असतं. पण कशाला खोटं बोला? ती निव्वळ असूया होती. सुजय तिचा वर्गमित्र. डिप्लोमाची तीन वर्षं तो तिच्या मागच्या बाकावर बसला आणि तिच्या पेनड्राइव्हच्या जोरावर पास झाला. आता त्याच्या गळ्यात झेंडू नि रुद्राक्ष, आणि रुचिरा मारुती मंदिराजवळच्या दहा बाय दहाच्या खोलीत आंबेवाल्यांच्या नि लॉजवाल्यांच्या वेबसाइट बनवत बसलेली. तेही तिने गिळलं असतं. पण पहिल्या रांगेत, मांडी घालून, तिचे वडील बसले होते. हरिश्चंद्र तांडेल. चाळीस वर्षं समुद्रात बोट हाकलेला माणूस.

गेल्या वर्षी रुचिराने मच्छीमार सोसायटीसाठी हवामानाचं एक पान बनवलं होतं. वारा किती, लाटा किती, इशारा आहे की नाही. पांढऱ्यावर काळं, साधं. रेंज गेली की त्यावर तांबडी ओळ यायची, 'ही माहिती जुनी आहे, आत्ताचं ठाऊक नाही.' वडिलांनी ते एकदा बघितलं नि फोन परत दिला. "ठाऊक नाय तर बनवलंस कशाला गो?"

आणि सुजयचं पान? ते त्यांनी फोन उघडताच समोर दिसेल असं लावून घेतलं होतं. "पोरगा बघ! वीस वाव खोल पाण्यात, जिथं रेंजचा पत्ता नाय, तिथंपण देवीला बोलायला लावतो. याला म्हणायचं शिक्षण." हे वाक्य रुचिराने जेवताना ऐकलं होतं आणि बांगड्याच्या काट्यासारखं ते घशात रुतून बसलं होतं.

दोन दिवसांपूर्वी तिने खोलीत बसून सुजयचं पान संगणकावर उघडलं. यात चोरीबिरी काही नव्हती. वेबपानाचा जो भाग आपल्या फोनवर चालतो तो आधी फोनमध्ये उतरावा लागतो, आणि जे उतरलं ते कुणालाही उघडून वाचता येतं. तिने वाचलं आणि पहिल्यांदा पोट धरून हसली, कारण अख्खा चमत्कार चार ओळींचा होता. मग तिने फुलं पाडणारा भाग पाहिला आणि तिचं हसू जागच्या जागी आटलं. ती थरथर, तो गिरकी घेत पडायचा झोक तिचा होता. दुसऱ्या वर्षी तिने केलेला प्रकल्प! मेल्याने तिचंच फूल ढापून तिच्याच बापाला भुलवलं होतं.

इकडे मंडपात सुजयने डोळे अर्धवट मिटले. उजवा हात पुढ्यातल्या झेंडूच्या टोपलीवर.

"थांबा... आई सांगतेय. पोफळीहून एक बहीण आलीय. मृणाली नाव. नवरा जहाजावर. तीन महिने त्याचा फोन नाही. रडू नको मृणाली! पंधरा दिवसांत तो दारात उभा!"

मंडप हळहळला. उठलं मात्र कुणी नाही. उठणार कोण? मृणाली म्हणजे रुचिराच होती. मंडपाच्या दारात 'आईकृपा' नावाच्या वाय-फायला फोन जोडून प्रत्येकाने एक अर्ज भरायचा होता; नाव, गाव आणि मनातलं गाऱ्हाणं. वर लिहिलेलं, 'थेट आईपर्यंत पोचेल.' रुचिराने सगळं खोटं भरलं होतं. आत्ता उठून तेवढं सांगितलं की झालं! पण ती खांबालाच टेकून राहिली. ही जळते म्हणून बोलते, असंच सगळे म्हणणार. आणि पंचाईत अशी, की ते खरंच होतं.

तेवढ्यात सुजयने पहिल्या रांगेकडे बोट केलं. "हरिश्चंद्रदादा! उद्या बोट निघतेय ना? बर्फ भरला?"

"भरला महाराज. आठ खलाशी हायत. पण उद्या दुपारनंतर वारा सुटेल असा इशारा हाय म्हणतात. बंदरावर धोक्याचा बावटा तर अजून लागला नाय."

"इशारे माणसाचे! आईला विचारा."

तांडेलांनी फोन कपाळाला लावला. "आई, उद्या बोट काढू काय?" शंख वाजला. उजवं फूल पडलं.

"जा लेका, बोट भरून ये!" सुजय गरजला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आठ खलाशी आणि बाप. रुचिरा खांब सोडून तरातरा चालत पुढे गेली.

"महाराज, पोफळीची मृणाली मीच."

सुजयचा चेहरा पडला. "रुचिरा? तू?"

"मीच. आणि नवरा हरवायला आधी लग्न तर होऊ दे माझं!" मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. "गाऱ्हाणं मी खोटं लिहिलं होतं. आईला ते कळलं असतं. याला नाही कळलं, कारण ते आईकडे गेलंच नाही. ते गेलं सर्व्हरकडे. म्हणजे दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या एका संगणकाकडे, आणि तिथून याच्या फोनवर. तो फोन त्या झेंडूच्या टोपलीत आहे."

मथुरामावशी उठली. पाटीतला मासा उलटापालटा करावा तसा तिने टोपलीत हात घातला आणि फोन बाहेर काढला. पडद्यावर नावांची नि गाऱ्हाण्यांची भली मोठी यादी.

"अगो बाई, ही तर माझी चिठ्ठी! सुनेबद्दलची! मेल्या, आईला लिहिलेली ती! तुला कुणी सांगितलं वाचायला?"

सुजय कसलेला गडी. घाम पुसून तो पुन्हा माइकला भिडला. "वाचतो! आईचा कारकून आहे मी! पण कौलाचं काय? तुमचा तो सर्व्हर रेंजशिवाय पोचतो का? नाही पोचत! मग इथे कौल देतं कोण? बोल ना! अहो, ही जळते माझ्यावर. डिप्लोमापासून जळते!"

"होय, जळते!" रुचिराचा आवाज चढला. "रोज जळते. माझे वडील घरी बसून तुझं कौतुक करतात, म्हणून जळते. पण माझ्या जळण्याने घड्याळाचे आकडे बदलत नाहीत. बाबा, मघाशी विचारलंत तेव्हा चार एक्केचाळीस झाले होते. आता किती?"

तांडेल गोंधळून म्हणाले, "पंचेचाळीस."

"तोच प्रश्न परत विचारा. आता डावं पडेल."

त्यांनी दाबलं. डावं पडलं.

"दोनदा विचारलं! आई कोपली!" सुजय ओरडला.

"शेहेचाळीस होऊ दे, लगेच राग जाईल तिचा."

सगळ्यांचे डोळे फोनच्या घड्याळावर. शेहेचाळीस झाले, तांडेलांनी दाबलं, उजवं पडलं. मग रुचिराने मथुरामावशीचा फोन घेतला आणि त्याचं आपोआप लागणारं घड्याळ बंद केलं. "मावशी, कुठलीही वेळ सांगा. फूल कुठलं पडेल ते मी आधी सांगते."

"नऊ वाजून दहा."

"उजवं." उजवंच पडलं.

"नऊ वाजून बारा!"

"डावं." डावंच.

आता लोक स्वतःच आपापली घड्याळं फिरवू लागले. मघाशी एका सुरात बोलणारे फोन भांडायला लागले. याचं उजवं, त्याचं डावं, शेजारच्याचं पुन्हा उजवं. शंखांचा नुसता कल्लोळ.

"मिनिटाच्या आकड्याला तीनने भागायचं," रुचिरा म्हणाली. "बाकी उरली नाही तर डावं, उरली तर उजवं. म्हणजे तीनात दोनदा होकार. लोकांना होकार आवडतो हे याला बरोब्बर माहीत. मघाशी सगळ्यांचं फूल सारखं का पडलं? सगळ्यांच्या घड्याळात एकच मिनिट होतं म्हणून! आणि रेंज का लागली नाही? कारण हे पान कुणाला काही विचारतच नाही. दारात वाय-फाय होतं तेव्हाच ते तुमच्या फोनात उतरलं, सगळ्या उत्तरांसकट. बाबा, तुम्ही डबा घरून नेता. वीस वाव पाण्यात उघडलात नि भाकरी निघाली, तर आई आत्ता बोटीवर येऊन भाजून गेली असं म्हणता का?"

तांडेलांनी हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाले, "दाखव. कुठं लिहिलंय ते दाखव."

तिने पिशवीतून लॅपटॉप काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. इंग्रजी ओळींवर ओळी. तांडेलांना त्यातलं ओ की ठो कळेना. चष्मा पुढेमागे करत ते खालपर्यंत गेले आणि फुलांच्या भागापाशी त्यांचं बोट थांबलं.

"हे तर मराठीत हाय."

रुचिरा वाकली. कोड लिहिणारे अधूनमधून स्वतःसाठी एखादी ओळ टिपून ठेवतात. यंत्र ती वाचत नाही. सुजयने उचलताना वाचली नव्हती, आणि परवा संतापाच्या भरात रुचिराच्याही नजरेतून ती सुटली होती. तिनेच लिहिलेली, एकोणिसाव्या वर्षी. 'झालं एकदाचं. हे बाबांना दाखवायचं.'

तांडेलांनी ती ओळ दोनदा वाचली. "मग दाखवलं का नायस?"

"दाखवलं होतं. तुम्ही हूं म्हणालात नि जाळं विणायला बसलात."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. नंतर उठून मंडपाबाहेर गेले, खलाशांना फोन लावला आणि सांगितलं, "उद्या बोट नाय काढायची. बर्फ वितळला तर वितळू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. पण भीती होती त्याच्या निम्माच. बोटी आरामात परत आल्या असत्या. झालं! सुजयच्या भक्तांना तेवढंच हवं होतं. संध्याकाळी जेटीवर त्यांनी तांडेलांना गाठलं. "बघितलंत? आईचा कौल खरा ठरला! पोरीच्या नादाने फुकट दिवस घालवलात. जळणाऱ्याचं ऐकू नये माणसाने."

रुचिरा तिथेच होती. असूया काही तिला सोडून गेली नव्हती. मेल्याच्या आवाजातली जरब आपल्याला मिळाली असती तर, असं तिला कालसुद्धा वाटून गेलं होतं. आता बाप पुन्हा त्याचाच होणार, असं समजून ती निघायला वळली.

"खरा ठरला?" तांडेल जाळ्यातून मान वर न काढता म्हणाले. "त्याने वारा बघितला? समुद्र बघितला? मिनिटाला तीनने भागलं नि सांगितलं. कावळा बसला नि फांदी मोडली, म्हणून उद्यापासून लाकडं तोडायला कावळे लावू काय मी?"

मथुरामावशी एवढी हसली की तिला पाटी खाली ठेवावी लागली.

"माझी पोर जळते, ते माझ्यामुळे. तो माझा न् तिचा मामला," तांडेल पुढे म्हणाले. "पण आठ पोरं मी कुणाच्या शब्दावर नेतो, ते मला त्यांच्या आयशींना सांगावं लागतं. देवीला मी नारळ देईन, हात जोडीन. पण कुणी देवीचं नाव घेऊन उत्तर दिलं, की आधी विचारीन, हे उत्तर तुला आलं कुठून? तुम्हीपण विचारा. विचारायला रेंज लागत नाय. रुचिरा, चाललीस कुठं? इकडे ये, जाळ्याचं ते टोक धर."