समासातली पेन्सिल

मित्रांनो, मी एक जुनी दोनशेपानी वही आहे. माझ्या पुठ्ठ्याचे कोपरे झिजलेत, पाठीला चिकटपट्टी आहे आणि मनावर एक ओझं आहे. ते कुणापुढे तरी उतरवावं, म्हणून आज बोलते आहे.

कारखान्याने मला नुसतं शिवलं. घडवलं ते गणिताच्या एका मास्तरांनी. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते घरातल्या पुढच्या खोलीत नववी-दहावीच्या मुलांना शिकवत. त्यांची भाची ठकू त्यांच्याकडे राहून शिकत होती, म्हणून सगळीच मुलं त्यांना मामा म्हणू लागली. गणितात जिथे जवळची वाट सापडे, ती मामा माझ्यात उतरवून ठेवत. युक्ती पानाच्या मधोमध, निळ्या शाईने. ती केव्हा चालते याची अट मात्र डावीकडच्या समासात, बारीक अक्षरात, पेन्सिलीने. पेन्सिल अशासाठी, की अटीत भर पडायची. एखादा मुलगा वेगळंच उदाहरण घेऊन येई, युक्ती तिथे अडखळे, मग मामा खोडरबर उचलत आणि अट नव्याने लिहीत.

आता हेच बघा ना. जाताना ताशी साठ किलोमीटर, त्याच रस्त्याने येताना ताशी चाळीस, तर सरासरी वेग किती? दोन्ही वेगांच्या गुणाकाराची दुप्पट करा, तिला त्यांच्या बेरजेने भागा. अठ्ठेचाळीस, चुटकीसरशी! समासात लिहिलं होतं, ‘दोन्ही अंतरं सारखी असतील तरच.’ किंवा वर्गसमीकरणाच्या तिन्ही सहगुणकांची बेरीज शून्य आली, तर एक उत्तर डोळे मिटून ‘एक’. समासात होतं, ‘उजवीकडे शून्य असेल तरच.’

मुलं तोंडात बोटं घालत आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. खोटं कशाला बोलू, मला गर्व झाला होता. समासातलं ते बारीक अक्षर मला म्हाताऱ्याची भुणभुण वाटायचं.

वही घराबाहेर न्यायची नाही, असा मामांचा दंडक होता. कुणी मागितली तर म्हणत, इथे बसून बघ, पण आधी लांबच्या रीतीने सोडव. पाठीमागे मुलं त्यांना कंजूष म्हणत.

ठकूची वर्गातली जिवलग मैत्रीण होती शिंप्याची थोरली. ती गणितात एकदा नापास झाली होती. या खेपेला नाही सुटलीस तर शाळा बंद, मशीनवर बसायचं, असं बापाने तिला बजावलं होतं. शाळेनंतर दुकानात काजं-बटणं करण्यातच तिची संध्याकाळ जाई, मामांकडे यायला फुरसत कुठली! परीक्षेला नऊ दिवस उरले, तशी तिची पाचावर धारण बसली. ठकूला ते बघवेना. मामा दातांच्या डॉक्टरकडे गेलेले पाहून तिने मला दप्तरात घातलं आणि थेट झेरॉक्सच्या दुकानात नेलं.

मला काचेवर पालथं घातलं. दुकानदार घाईत होता, मशीन फिक्यावर ठेवलेलं होतं. शाई ठसठशीत उमटली. पेन्सिल उमटलीच नाही. पानामागून पान बाहेर पडत होतं आणि प्रत्येकाचा समास कोरा होता. ठकूने गठ्ठा उलगडूनही पाहिला नाही, कारण मामा यायच्या आत मला कपाटात ठेवायचं होतं. मला सगळं दिसत होतं हो! पण आज बोलते तसं तेव्हा बोलता आलं नाही.

थोरलीने नऊ दिवसांत तो गठ्ठा तोंडपाठ केला. पेपरात आलं, एक तास ताशी साठने, पुढचा एक तास ताशी चाळीसने, सरासरी किती? तिने बिनधास्त अठ्ठेचाळीस लिहिलं. इथे वेळ सारखा होता, अंतर नव्हे. उत्तर होतं पन्नास. समीकरणाच्या उजवीकडे दहा होते, तिथेही तिने डोळे मिटून ‘एक’ लिहिलं. अर्धा तास आधीच पेपर देऊन ती हसत बाहेर आली. मग ठकूने उत्तरं पडताळली आणि गठ्ठा उलगडला, तेव्हा तिला कोरे समास दिसले.

निकाल लागला. ठकू सुटली. थोरली चार गुणांनी गेली.

ठकूने रडत रडत मामांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ते तिची खरडपट्टी काढणार. मामा बराच वेळ माझ्या समासावरून बोट फिरवत राहिले.

“चूक तुझी आहेच,” ते म्हणाले. “पण जास्त माझी आहे. जे महत्त्वाचं, तेच मी पुसट लिहिलं.”

दुसऱ्या दिवशी ठकू मला घेऊन शिंप्याच्या दुकानात गेली. थोरली मशीनवर होती. तिने माझं पान पाहिलं, समास वाचला आणि तिचा पाय थांबला.

“म्हणजे तुला हे माहीत होतं,” ती म्हणाली, “आणि माझ्या कागदावर नव्हतं.”

ज्या समासाला मी भुणभुण म्हणत होते, त्याच्यावाचून एका मुलीची शाळा सुटली होती.

त्यानंतर मामांनी आणि ठकूने माझी एकेक अट शाईने गिरवली. ठकू आता रोज संध्याकाळी मला दुकानात नेते. ती युक्ती वाचते आणि विचारते, “केव्हा चालेल?” मशीन चालवता चालवता थोरली उत्तर देते. ठकूवरचा तिचा राग अजून गेलेला नाही, पण उत्तर बरोबर असतं. पुढच्या परीक्षेचा फॉर्म गल्ल्यावर कात्रीखाली पडून आहे. बापाने त्यावर सही केलेली नाही, आणि तो फाडूनही टाकलेला नाही.

मला आणखी एक घोर आहे. तो गठ्ठा थोरलीकडून आणखी कुणाकडे गेला, त्याची पुन्हा झेरॉक्स निघाली, तिचीही निघाली. माझी ती आंधळी लेकरं कुठे कुठे पोचली, मला ठाऊक नाही.

म्हणून मित्रांनो, मला छान कव्हर घाला असं मी म्हणत नाही. तुमच्या हाती कधी अशी युक्त्यांची पानं आली आणि डावीकडचा समास कोरा दिसला, तर त्यांना टाकू नका. प्रत्येक युक्ती लांबच्या रीतीने एकदा सोडवून बघा. ती कुठे अडते ते शोधा आणि त्या समासात लिहा. शाईने लिहा.