वरून खाली

आमच्या घरात पुरुष तीन आणि बेसिन एक. रोज सकाळी तिथे जो तमाशा चालतो, तो मी लग्न होऊन आल्यापासून फुकट बघते आहे.

पहिला मान सासऱ्यांचा. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही अण्णाच म्हणते. अण्णा शिंपी आहेत. खाली दुकान, वर आम्ही. त्यांच्याकडे एक वजनदार, धातूचा रेझर आहे, त्यात एकच पातं. जोडीला गोल डबीतला साबण आणि झिजून अर्धा झालेला ब्रश. गिऱ्हाइकाचा कोट बेतावा तशी ते दाढी करतात. आधी डावा गाल, मग उजवा, मग ओठावरचं, शेवटी गळा. मध्ये कुणी हाक मारली तर ओ देणार नाहीत. घराला आग लागली तरी आधी गळा पुरा करतील आणि मग विचारतील, कुठे लागली.

त्यानंतर धाकटे दीर. भावजींचं विजेवर चालणारं मशीन. एका हातात ते आणि दुसऱ्या हातात मोबाइल, असे घरभर हिंडत दाढी करतात. खुंट सगळे माझ्या पुसलेल्या फरशीवर. वर म्हणतात, "वहिनी, दोन मिनिटांत होते." होते ना. झाडायला मी आहेच.

शेवटचा माझा नवरा. तो अग्निशमन दलात, बंबावर. आग लागली की पाण्याची नळी धरून जो सगळ्यांत पुढे असतो, तो हा. त्यामुळे त्याची दाढी म्हणजे हौस नाही, नोकरीचा भाग आहे. धुरात शिरताना पाठीवर हवेची टाकी आणि तोंडावर मास्क असतो. त्या मास्कची रबरी कड हनुवटीखाली घट्ट बसावी लागते. खुंट राहिले तर फट राहते, आणि फट राहिली की धूर आत. म्हणून तो बाजारात नवा रेझर आला की घेऊन येणार. शेवटचा आणला तो पाच पात्यांचा, मान डोलावणारा. अण्णांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "हा रेझर आहे की नांगर?"

बापलेकांचं हे असंच. अण्णा पूर्व म्हणाले की हा पश्चिम. पंखा कितीवर ठेवायचा इथपासून वाद. अण्णांना वाटत होतं याने दुकानात बसावं. चार महिने बसलाही होता म्हणे. अण्णा शिकवताना इतके कावतात की शिवण सरळ आली तरी माणसाला वाटावं आपलं चुकलं. एक दिवस हा कात्री ठेवून उठला तो थेट भरतीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. अण्णा बरेच दिवस बोलत नव्हते.

दाढीची रीत मात्र दोघांची एक. वरून खाली. मिसरूड फुटलं तेव्हा अण्णांनीच त्याला बेसिनपुढे उभं करून शिकवलं होतं: हात वरून खालीच जायला हवा, उलटा फिरवायचा नाही, उलटी दाढी कातडीचा घात करते. रेझर कितीही बदलले तरी हात वरून खालीच.

आणि तरीही नवऱ्याचा गळा कायम लाल. पुळ्या, ओरखडे, शर्टाच्या कॉलरला रक्ताचे ठिपके. सुरुवातीला मी कॉलर घासायचे आणि बडबडायचे. पुढे पुढे पुळ्या इतक्या वाढल्या की तो गळ्यावरून ब्लेड फिरवायलाच भ्यायला लागला. आगीत शिरणारा माणूस, आणि सकाळी आरशापुढे अंग चोरून उभा. मला राग यायचा, आणि मग लगेच दयाही यायची.

व्हायचं तेच झालं. केंद्रावर मास्कची तपासणी होती. मास्क चढवायचा, हवेची नळी तळहाताने बंद करायची आणि श्वास आत ओढायचा. मास्क तोंडाला चिकटून बसला तर ठीक. याच्या हनुवटीखालून हवा फुसफुसली. दोनदा केलं, दोनदा फुसफुसली. त्याचे साहेब भला माणूस. ते म्हणाले, "आधी गळा बरा करून ये. तोवर कंट्रोल रूममध्ये फोन घे. परत तपासू. पण तेव्हाही मास्क गळला, तर मला तुला बंबावर पाठवता येणार नाही. कायमचं."

घरी येऊन त्याने हे सांगितलं आणि जेवायला बसला. एक घास पुन्हा पुन्हा चावत राहिला.

मग काय, घरात उंटावरच्या शहाण्यांची सभाच भरली. भावजी म्हणाले, मशीन वापर. वापरून झालं होतं, पुळ्या तशाच. अण्णा म्हणाले, एक पातं ते एक पातं, माझा रेझर घे. तोही घेऊन झाला होता, रक्त तसंच. "घाईत करत असशील," अण्णा म्हणाले. "घाईत नाही करत," हा म्हणाला. "मग दाबत असशील." "दाबतही नाही." आवाज चढायला लागले तशा सासूबाई उठल्या आणि दोघांच्या मध्ये भाजी निवडायला बसल्या. भांडण थांबवायची त्यांची ती जुनी युक्ती आहे.

कातडीच्या डॉक्टरांकडे मी स्वतः घेऊन गेले. ते म्हणाले, कापलेले केस आत वळून कातडीत घुसतायत. महिनाभर ब्लेड लावू नका, हे मलम लावा. पुढे कमी पात्यांचा रेझर वापरा आणि केस ज्या दिशेला वाढतात त्याच दिशेने दाढी करा.

"तशीच करतो," नवरा छातीठोकपणे म्हणाला. मीही मान डोलावली. आमच्या घरात उलटी दाढी कुणी करतच नाही, तर बोलणार काय?

दाढी वाढू लागली. त्याला आजवर मी कधी दाढीत पाहिलंच नव्हतं. भावजी त्याला महाराज म्हणून नमस्कार करायचे. हा हसायचा, पण हसण्यात जीव नसायचा. कंट्रोल रूममध्ये दिवसभर लोकांचे पत्ते लिहून घ्यायचे आणि आपलीच माणसं त्या पत्त्यावर पाठवायची. घरी असताना रस्त्यावरून बंब गेला की हातातलं टाकून खिडकीशी. नुसत्या भोंग्यावरून ओळखायचा कुठला बंब आहे ते. "आज नळीवर कोण असेल," एवढंच म्हणायचा, आणि बंब वळून दिसेनासा झाला तरी तिथेच उभा राहायचा.

खोटं कशाला बोलू, मला ते दिवस बरे जात होते. फोनवर बसलेला नवरा वेळेवर घरी येतो. त्याच्या कपड्यांना धुराचा वास येत नाही. तपासणीत पुन्हा हवा गळली तर गळू दे, असंही एकदोनदा मनात येऊन गेलं.

एका दुपारी तो आडवा पडला होता आणि मी त्याच्या गळ्याला मलम लावत होते. पुळ्या बसत आल्या होत्या, केस चांगले बोटभर नाही तरी हाताला लागतील एवढे वाढले होते. मी बोट हनुवटीकडून खाली नेलं. टोचलं. ब्रशवरून उलटा हात फिरवावा तसं. मग खालून वर नेलं, तर मऊ. मला वाटलं माझंच काही चुकतंय. गालावर फिरवून पाहिलं. तिथे वरून खाली मऊ, खालून वर टोचरं, चारचौघांसारखं. पुन्हा गळा. पुन्हा उलटं.

गळ्यावर याचे केस खालून वर वाढत होते. म्हणजे हा इतकी वर्षं रोज, न चुकता, उलटी दाढी करत होता.

"काय गं, थांबलीस का?" त्याने डोळे मिटूनच विचारलं.

मी थांबले होते खरी. त्या गळ्याला माझ्याशिवाय कोण हात लावणार होतं? मी गप्प बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता, आणि नवरा आयुष्यभर फोनपाशी सुखरूप. तेवढ्यात लांबवर कुठेतरी भोंगा वाजला आणि याने पडल्या पडल्या डोळे उघडले. नुसता ऐकत राहिला. ते तोंड बघून मला राहवेना. मी जिन्यातूनच अण्णांना हाक मारली.

अण्णा गळ्यात टेप घेऊन वर आले. मी सांगितलं तर म्हणाले, "काहीतरीच. दाढी खालीच वाढते."

"हात लावून बघा."

बापाने तरण्या मुलाच्या गळ्याला हात लावायचा म्हणजे दोघांनाही अवघडच. हा छताकडे बघायला लागला. अण्णांनी बोटांची मागची बाजू खाली फिरवली, मग वर फिरवली, मग परत खाली. मखमल कापायच्या आधी ते असंच करतात. लव कुठल्या बाजूला झोपते ते पाहिल्याशिवाय कात्री लावत नाहीत. कुणी कारागिराने न बघता कापली तर त्याचा उद्धार करतात. तेच अण्णा खुर्चीवर बसले ते बसलेच.

सासूबाई दारातून म्हणाल्या, "अहो, आमच्या दादाचा गळा असाच. म्हणून तर त्याने दाढी ठेवली."

"तो आळशी आहे म्हणून ठेवली," अण्णा सवयीने म्हणाले, आणि मग त्यांचं त्यांनाच समजलं. मामांना ते आयुष्यभर आळशी म्हणत आले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

"मी तुला माझ्या गळ्याची दाढी शिकवली," ते नवऱ्याला म्हणाले. "तुझा गळा बघितलाच नाही."

"जाऊ द्या हो," हा म्हणाला. अण्णा उठले आणि खाली गेले. त्या दिवशी दुकानातून शिलाई मशीनचा आवाज आला नाही.

तपासणीच्या सकाळी अण्णा बेसिनपाशी गेले, पण दाढी करायला नाही. आपला रेझर धुतला, नवं पातं घातलं आणि कडेला ठेवला. नवऱ्याने तो उचलला. पाच पात्यांचा नांगर डबीतच राहिला. गाल पटकन झाले. मग हनुवटी वर करून त्याने रेझर गळ्याच्या तळाशी टेकवला आणि तिथेच थांबला.

"काय झालं?" मी विचारलं.

"हात वर जात नाही," तो म्हणाला. "आपोआप खालीच येतो."

दारात उभे असलेले अण्णा म्हणाले, "आता तरी माझं ऐकू नकोस."

भावजींना हसू फुटलं, मलाही फुटलं, आणि हसता हसता याचा हात वर गेला. सावकाश, एकेक पट्टा करत. मी रक्ताची वाट बघत होते. रक्त आलं नाही. पाण्याने फेस धुतला तेव्हा खालचा गळा गालासारखाच निघाला. असा गळा मी त्याचा पहिल्यांदाच पाहिला.

दुपारी फोन आला. "बसला," तो म्हणाला. "चिकटून बसला. साहेब म्हणाले, आत्तापासूनच बंबावर." मी बरं म्हटलं. आनंदही झाला आणि धास्तीही परत आली. फायरमनच्या बायकोला दोन्ही एकदमच मिळतात, त्यातलं एक परत करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला तेव्हा कानामागे काजळी होती आणि गळ्याभोवती मास्कच्या कडेची पुसट रेघ. एका गोदामाला आग लागली होती, माणसं सगळी बाहेर निघाली होती. मी चहा ठेवला. अण्णा काम टाकून वर आले, त्याच्यासमोर बसले आणि किती तरी वेळ त्याच्या गळ्याकडे बघत राहिले.

"एक विचारू?" ते म्हणाले. "दुकान म्हटलं, तर नको म्हणालास. मी म्हणेन त्याच्या उलट वागलास जन्मभर. रोज रक्त येत होतं, तरी हेच एक का ऐकलंस?"

नवऱ्याने कप खाली ठेवला. मला वाटलं, आता काहीतरी चेष्टा करेल.

"तेवढं एकच तुम्ही न ओरडता शिकवलं होतं," तो म्हणाला. "माझा हात हातात धरून."

अण्णांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत.

"मग बाकीचंही तसंच शिकवायला हवं होतं," ते म्हणाले.