मूळ इंजिन

मी इंजिन बोलतोय. गाडी नव्हे, गाडीचं इंजिन. गाडी म्हटलं की लोक रंग बघतात, काचा पुसतात, सीटवर कव्हरं घालतात. मी झाकणाखाली असतो. बिघडलो तरच माझी आठवण होते.

आता तर मी कुठल्याच झाकणाखाली नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावात, एका घराच्या गॅरेजच्या कोपऱ्यात, लोखंडी घोडीवर मला बसवून ठेवलंय. एका बाजूला बर्फाचं फावडं, दुसऱ्या बाजूला तांदळाच्या रिकाम्या गोण्या. दमलोय. जास्त बोलायची मला सवय नाही. पण माझ्या नावावर एक खोटी गोष्ट चिकटली आहे. ती कुणापाशी तरी दुरुस्त करून ठेवतो आणि गप्प बसतो.

जन्म माझा जपानमधला, भट्टीतला. चार सिलिंडर, ओतीव लोखंडाचं अंग. शाळा मला ठाऊक नाही. हवा आणि पेट्रोल आत घ्यायचं, ठिणगी पडली की जळू द्यायचं, त्या जोरावर चाकं फिरवायची. एवढंच मला शिकवलं. आयुष्यभर तेवढंच केलं, पण नीट केलं.

त्र्यंबकरावांनी मला नवंकोरं असताना घेतलं. वुस्टरच्या एका कारखान्यात ते इंजिनिअर. माणूस शिस्तीचा. तेल वेळेवर बदलायचं, तेही स्वतःच्या हातानं, गाडीखाली आडवं होऊन. थंडीत मला थोडं गरम होऊ द्यायचं आणि मगच गिअर टाकायचा. पेट्रोल नेहमी साधं. इकडे त्याला गॅस म्हणतात. पंपावर साधं, मधलं आणि प्रीमियम अशी तीन बटणं असतात. ते डोळे मिटून पहिलं दाबायचे. "बाकीची दोन हौशी लोकांसाठी," म्हणायचे. माझी तक्रार नव्हती. मला साधंच पचायचं.

घरातलं कुणी लांबच्या प्रवासाला निघालं, की त्र्यंबकरावांच्या पत्नी मीनाक्षीबाई त्याच्या हातावर दही घालायच्या. त्र्यंबकराव त्याआधीच गाडी घेऊन पंपावर जायचे आणि टाकी काठोकाठ भरून आणायचे. 'सांभाळून जा' हे त्यांच्या तोंडातून कधी निघालं नाही. टाकी भरली की त्यांचं बोलून झालं.

दोन हजार एक साली त्यांची मुलगी स्वानंदी माझ्यावर गाडी शिकली. शिकताना तिनं शेजाऱ्यांची टपालाची पेटी आडवी केली, क्लच जाळला, चौकाचौकात मला बंद पाडलं.

"क्लच! क्लच!" त्र्यंबकराव दाराची मूठ धरून ओरडायचे.

"आय नो, बाबा! तू ओरडलास की मी विसरते."

पण शिकली ती पक्की. पुढे कॉलेजला जाताना त्यांनी गाडी तिलाच देऊन टाकली. मग तिला एक नाद लागला. रविवारी रिकाम्या पार्किंगमध्ये नारिंगी शंकू मांडतात, घड्याळ लावतात, आणि एकेकानं त्यातून गाडी पळवायची. वळणांवर ती कुणाला ऐकायची नाही. सरळ रस्ता आला की मात्र मी कमी पडायचो. खोटं कशाला बोलू? मी बाजारहाट करायला आणि कामावर न्यायला बनलेला. शर्यतीला नव्हे.

नकुल त्याच सुमारास घरात येऊ लागला. सांगलीच्या कॉलेजातून मेकॅनिकल करून वुस्टरला मास्टर्स करायला आलेला. मीनाक्षीबाईंच्या हातच्या पोळ्या खायला शनिवारी यायचा आणि खाऊन झालं की गॅरेजमध्ये शिरायचा. एके दिवशी त्यानं बॉनेट उघडलं, माझ्यावर विजेरी मारली आणि म्हणाला, "सरळ स्वॉप करू. हे काढून टाकायचं. जपानहून मोठं इंजिन मागवायचं, याच कंपनीचं. आरामात बसतं."

"आणि टर्बो?" स्वानंदीनं विचारलं.

"होतो यार टर्बो पण. पण हे साधं स्टॉक इंजिन आहे, कंपनीतून आलं तसंच. आतून नाजूक. प्रेशर वाढवलं की कधीतरी जाणार."

नाजूक! इतके हिवाळे काढले, कधी वाटेत उभं केलं नाही कुणाला. कालचा पोरगा मला नाजूक म्हणाला. मी ऐकून घेतलं.

तर हे दोन रस्ते होते. स्वॉप म्हणजे मला उपटून माझ्या जागी दुसरा बसवायचा. टर्बो म्हणजे मलाच ठेवायचं, पण माझ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरवून माझ्याच नाकात जास्त हवा कोंबायची, म्हणजे मी जास्त जोर लावीन. एकात हकालपट्टी, दुसऱ्यात म्हातारपणी पळायची शिक्षा. मला कुणी विचारलं नाही. इंजिनाला कोण विचारतं?

दसऱ्याला घरी पॉटलक होतं. प्रत्येकानं एकेक पदार्थ आणलेला. गाडीला हळदकुंकू वाहिलं, हार घातला, आणि बॉनेट उघडं दिसताच सगळे पुरुष प्लेट घेऊन माझ्याभोवती जमले. सगळे इंजिनिअर. पाना धरलेला एकही नाही. श्रीखंड सांभाळत प्रत्येकजण मत देऊ लागला. हेमचंद्र काका बँकेची कॉम्प्युटर सिस्टिम सांभाळायचे. त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा.

"टर्बोच घाल. माझ्या ऑफिसात एकाकडे आहे. काय पळते!"

"काका, त्याची गाडी फॅक्टरीतूनच टर्बो आहे."

"मग मी वेगळं काय सांगतोय? आणि स्वानंदी, इंजिन बदलण्यापेक्षा लग्नाचं बघ आता."

"काका, दॅट्स अ बिगर स्वॉप."

सगळे हसले. मीनाक्षीबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. हसले नाहीत ते त्र्यंबकराव. ते पुढे आले, माझ्या अंगावर हात ठेवला आणि म्हणाले, "मूळ इंजिन काढायचं नाही. बाकी काय करायचं ते करा. हे काढलंस तर गाडी तुझी राहील. माझी राहणार नाही."

स्वानंदी म्हणजे वादात न हरणारी पोर. पण म्हणाली, "ओके बाबा. टर्बो."

माझ्यासाठी माणसानं असं उभं राहावं, हे मी त्या दिवशी पाहिलं. म्हणून पुढचं सगळं सोसलं.

हिवाळाभर दोघं माझ्यावर राबली. नकुलनं सगळं हात राखून बसवलं, प्रेशर मुद्दाम कमी ठेवलं. शेवटी एकच अट घातली: यापुढे फक्त प्रीमियम. कारण जास्त हवा कोंबली की साधं पेट्रोल ठिणगीची वाट बघत नाही, आधीच भडकतं. पिस्टन वर येत असतो आणि त्याच्या डोक्यावर घण बसतो. प्रीमियम दम धरतं. एवढाच फरक, पण माझ्या जिवाचा.

स्वानंदीनं घरी सांगितलं. "बाबा, ओन्ली प्रीमियम. प्रॉमिस?"

"बरं," त्र्यंबकराव म्हणाले.

त्यांचं 'बरं' मी ओळखून आहे. तो होकार नसतो. विषय संपवायचा असतो.

मग मी पळालो. रविवारी शंकूंमधून पळालो, सरळ रस्त्यावरही पळालो. स्वानंदी जिंकू लागली. लोक बॉनेट उघडायला लावायचे आणि विचारायचे, "स्टॉक इंजिन? खरंच?" मला बरं वाटायचं, नाही कशाला म्हणू. पण घरी आल्यावर अंग ठणकायचं. तेल काळं व्हायचं. शिट्टी मारत पळणं हे माझं वय नव्हतं.

दोन हजार आठचा जून आला. स्वानंदीला व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला नोकरी लागली. गाडी घेऊनच जायचं ठरलं. मागची सीट खोक्यांनी भरली, डिकी भांड्यांनी. निघायच्या सकाळी ती अजून आंघोळीला होती. त्र्यंबकरावांनी खुंटीवरची किल्ली काढली आणि मला पंपावर नेलं.

टाकी जवळजवळ कोरडी होती. ते उतरले. मी ऐकत होतो. त्यांनी बटण दाबलं. पहिलं. कित्येक वर्षांचं बोट ते, आपोआप गेलं. काठोकाठ भरलं, झाकण लावलं, आणि रुमालानं झाकणाभोवतीचे थेंब पुसले. पोरीच्या कपाळावरचा घाम पुसावा तसे.

घरी स्वानंदीनं काटा बघितला. "फुल! थँक्स, बाबा." मीनाक्षीबाई दह्याची वाटी घेऊन आल्या, डोळे पुसू लागल्या, आणि त्या गडबडीत कुठला गॅस हे कुणी विचारलं नाही. त्र्यंबकराव अंगणात उभे होते. हात वर केला, एवढंच.

कनेक्टिकट लागेपर्यंत मी ओढलं. पोटात काहीतरी चुकतंय हे मला कळत होतं. खडखड सुरू झाली, पण खोक्यांतल्या भांड्यांचा आवाज त्याहून मोठा. ऊन तापलेलं. एक लांब चढ आला, पुढे ट्रक. स्वानंदीनं पाय दाबला. पंखा फिरला, हवा कोंबली गेली, आणि घण बसू लागले. मी धरून ठेवलं जेवढं धरता आलं तेवढं. मग तिसरा पिस्टन फुटला. मागे निळा धूर पसरला. पोर कडेला थांबली, स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली.

टो ट्रकनं परत आणलं. नकुल आला. दुसऱ्या दिवशी दोघांनी मला उघडलं. तुटका पिस्टन हातात घेऊन नकुल म्हणाला, "हे साध्या गॅसचं काम आहे. तू भरलास?"

"नो वे. मी तर..." ती थांबली.

त्र्यंबकराव चहाचे कप घेऊन दारात आले होते. तिनं हळूच विचारलं, "बाबा, काल गॅस कुठला भरला होतास?"

"नेहमीचा. का? कमी पडला का?"

नकुलनं तोंड उघडलं. स्वानंदीनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं ते मिटलं. मग तिनं वडिलांच्या हातातला कप घेतला.

"नाही बाबा. फुल होता. इंजिनच जुनं झालं होतं. वय झालं त्याचं."

त्र्यंबकराव माझ्याजवळ आले. उघड्या सिलिंडरमध्ये वाकून पाहिलं, फार वेळ. मग म्हणाले, "माझाच हट्ट. तेव्हाच काढू दिलं असतं तर वाटेत अडकली नसतीस. घाला नवीन."

शरदात जपानहून दुसरं इंजिन आलं. साखळीनं मला वर उचललं तेव्हा मी पहिल्यांदाच त्या गाडीकडे बाहेरून पाहिलं. बरी होती दिसायला. नवा खाली उतरला. चांगला आहे, तरणा आहे. त्याच्याशी माझं भांडण नाही. स्वानंदी गाडी घेऊन अ‍ॅशबर्नला गेली. त्या वेळी टाकी तिनंच भरली. पहाटेच भरून ठेवली होती, वडील उठायच्या आत.

भंगारवाला मला न्यायला आला, तर त्र्यंबकरावांनी त्याला दारातून परत पाठवलं. रविवारी येतात, फडक्यानं माझी धूळ पुसतात. हेमचंद्र काका आले की त्यांना दाखवतात. "सतरा वर्षं चाललं. शेवटी वयानं गेलं."

ते ऐकलं की लोखंडसुद्धा दुखतं. जन्मभर मान ताठ ठेवून काम केलं आणि शेवटी म्हातारपणावर गेलो म्हणून नोंद झाली. एका शब्दात मला ते खोडता आलं असतं. माझ्याकडे शब्द नाही, हे एका परीनं ठीकच झालं. मुलीला जे पोटात ठेवता आलं, ते मला ठेवता येऊ नये?

पण तुम्ही इथवर ऐकलंत, म्हणून सांगतो. मी वयानं गेलो नाही. माझे तीन पिस्टन अजून धड आहेत. योग्य ते पोटात पडलं असतं, तर अ‍ॅशबर्न गाठलं असतं आणि परतही आलो असतो. एवढं कुणाला तरी माहीत असावं, बस.

त्र्यंबकरावांना मात्र सांगू नका.