नऊ गुण, पण शेऱ्यासकट

ईट गावचा गिरणीवाला बजरंग त्या दिवशी एवढा तापला होता, की एकीची बाजरी त्यानं दुसरीच्या ज्वारीवर ओतली.

कारण होतं चिंगमच्या पाकिटात निघालेलं एक कार्ड. सातवीत असताना मिळालेलं, एका डावऱ्या फलंदाजाचं. पत्र्याच्या ट्रंकेत, वहीच्या पानांत ते पस्तीस वर्षं दबून राहिलं. पुण्यात नोकरीला असलेल्या त्याच्या लेकीला, वैष्णवीला, ते दिवाळीत सापडलं. असली कार्डं जमवणारे शौकीन असतात हे तिला ठाऊक होतं. तिनं ते परदेशी तपासायला धाडलं. तिथली माणसं भिंगातून कोपरे बघतात, कडा बघतात, दहापैकी गुण देतात आणि कार्ड प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात.

वैष्णवीनं आलेली डबी ईटला धाडली. कार्डाला नऊ मिळाले होते. पण नऊच्या शेजारी दोन इंग्रजी अक्षरं होती.

"एमके म्हंजी काय गं?" बजरंगनं फोनवर विचारलं.

"मार्क, अप्पा. कार्डावर कुणीतरी लिहिलंय. म्हणजे कार्ड नऊचं, पण खोटीसकट. नुसत्या नऊला ऐंशी हजार आले असते. याला पंचवीस आले तरी लई झाले."

"मग ती अक्षरं काढा म्हणावं."

"काढतेत की. पण मग नऊचे सात करतेत. भाव तिथंच."

बजरंगनं डबी उलटी केली. पाठीवर लाल शाईत ठसठशीत लिहिलेलं: 'जप्त. इयत्ता सातवी ब. चालू तासाला खेळताना.' खाली सही, तारीख. गोपाळकृष्ण गुरुजी! वर्षाअखेरीला त्यांनी कार्ड परत दिलं होतं खरं, पण पंचावन्न हजारांचं वाटोळं करून.

गिरणी बंद करून तो तडक गुरुजींच्या घराकडं निघाला. वाटंत चार खरमरीत वाक्यं पाठ केली. गुरुजींनी दार उघडलं आणि बजरंग पाया पडला. वाक्यं उंबऱ्यातच सांडली.

गुरुजींनी सगळं ऐकलं, चष्मा लावला, डबी उजेडात धरली. "माझंच अक्षर. बघ, शाई जरासुद्धा फिकी पडली नाही."

"त्येच तर दुखणं हाय, गुरुजी."

"नऊ दिले ना? मग शेरा बघून किंमत का पाडायची? मीसुद्धा लिहायचो, 'हुशार, पण वात्रट.' म्हणून कुणाला नापास केलं का?"

"मला केलं होतं."

"तू हुशार नव्हतास."

चहा घेऊन आलेल्या प्रेमलाबाईंनी, म्हणजे गुरुजींच्या मंडळींनी, तोंडाला पदर लावला. गुरुजी मात्र उठून कपाटातून खोडरबर घेऊन आले. "डबी फोड. हे शाई खोडायचं रबर आहे, साफ निघेल."

बजरंगनं डबी छातीशी धरली. "नगं नगं! खोडलेलं दिसलं तर फसवणूक धरतेत. गुणच देत न्हाईत."

"हे मात्र बरोबर करतात," गुरुजी म्हणाले. त्या परदेशी माणसांबद्दल त्यांना पहिल्यांदाच आदर वाटला.

रविवारी लातूरचा रणधीर नावाचा शौकीन कार्ड बघायला गिरणीवर आला. गुरुजीही आले, न बोलावता, इस्त्रीची टोपी घालून.

"बावीस हजार," रणधीर म्हणाला. "मार्क आहे ना त्याच्यावर."

गुरुजींनी विचारलं, "घरी मांडताना कसं मांडणार? पाठ पुढं करून?"

"नाही. तोंड पुढं."

"तोंडाला काही खोट?"

"तोंड झकास आहे."

"मग पाठीचं गाऱ्हाणं कशाला?"

रणधीरला हसू आलं. स्वच्छ नऊचं कार्ड आपल्याला या जन्मात परवडणार नाही, असं त्यानं कबूल करून टाकलं.

"म्हणजे मी लिहिलं म्हणून तुम्हाला मिळतंय," गुरुजी गरजले. "मग माझ्या शेऱ्याचे काहीतरी वाढवा!"

सौदा अठ्ठावीस हजारांवर पटला. बजरंगला आपला पंचावन्न हजारांचा राग आठवेना. त्यानं त्यातले पाच हजार गुरुजींपुढं धरले. गुरुजींनी हात मागं घेतला.

"पैसे नकोत. माझं दळण तेवढं आधी काढत जा. पाय दुखतात."

चार दिवसांनी गुरुजी डबा घेऊन आले. "या, या, पुढं या!" बजरंगनं हाक मारली.

"आन् आमी सकाळपासनं इथं काय देव बघाया बसलोय व्हय?" रांगेतली धुरपदाबाई कडाडली.

गुरुजींनी डब्यांची रांग बघितली, मग बजरंगकडं डोळे वटारले. "रांग मोडायला मी शिकवलं होतं का तुला?" असं म्हणून त्यांनी आपला डबा सगळ्यात मागं ठेवला आणि पोत्यावर बसून, नंबर येईपर्यंत, पाय किती दुखतात ते सगळ्यांना सांगत राहिले.